औषध पखालीला

१३ मार्च १९०० रोजी लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या ब्रिटिश फौजेने दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफॉन्टेन हे बोअरांच्या ऑरेंज फ्री स्टेटचे राजधानीचे शहर फारसा प्रतिकार न होता घेतले. विजयाचा आनंद मात्र फार दिवस टिकला नाही. एप्रिल उजाडला तोवर शहरातील मोठाल्या इमारतींची रुग्णालये झाली होती आणि दफनभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर रोज रांग लागत होती. ‘शेरलॉक होम्स’चा जनक आर्थर कॉनन डॉइल त्या वेळी तेथे डॉक्टर म्हणून काम करीत होता. खासगी देणगीतून उभारलेले त्याचे रुग्णालय एका क्रिकेट क्लबच्या इमारतीत होते आणि त्यात खाटांपेक्षा रुग्ण कितीतरी अधिक होते. गोळी लागलेले त्यांत थोडे, बहुतेक विषमज्वराचे.

हा विषमज्वर आला कोठून? फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मॉडर नदीच्या काठी पार्डेबर्ग येथे जनरल क्रोन्येच्या बोअर सैन्याला ब्रिटिशांनी वेढा घातला होता. वेढ्यातील तळावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला आणि शेकडो घोडे व बैल मेले. ती कलेवरे नदीतून वाहत खाली आली. खालच्या अंगाला तळ ठोकून बसलेले ब्रिटिश सैनिक तेच पाणी पीत होते. पाणी उकळून पिण्याची सूचना होती, पण त्या उघड्या माळरानावर जळण कोठून आणायचे याचे उत्तर सूचनेत नव्हते. विषमज्वराचे जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. नदीकाठी प्यायलेले पाणी अशा रीतीने राजधानीत पोचल्यावर उठले. त्यात भर म्हणजे ३१ मार्चला बोअर सेनानी द वेट याने सॅनाज पोस्ट येथील चकमकीत शहराचे जलकेंद्रच काबीज केले. नळ बंद पडले आणि हजारो माणसांना शहरातील जुन्या विहिरींवर अवलंबून राहावे लागले.

१८९९ ते १९०२ या बोअर युद्धात ब्रिटिश बाजूने सुमारे २२ हजार सैनिक मरण पावले. पैकी लढाईत किंवा जखमांनी मेलेले आठ हजारांच्या आत होते. रोगांनी मेलेले तेरा हजारांहून अधिक. एकट्या विषमज्वराची नोंद झालेले रुग्ण ५७ हजारांवर आणि त्याचे बळी आठ हजारांवर होते. म्हणजे बोअरांच्या सर्व बंदुका आणि तोफा यांना जेवढी माणसे मारता आली, त्याहून अधिक या एका रोगाने मारली. विषमज्वराचा संसर्ग केवळ पाण्यातूनच होतो असे नाही. माश्या, धूळ आणि हात यांचाही त्यात वाटा असतो. तथापि लष्करी डॉक्टरांनी या युद्धातून घेतलेला पहिला धडा पाण्याचाच होता.

उकळणे, गाळणे आणि त्यांच्या मर्यादा

त्यापूर्वी सैन्याच्या लेखी पाण्याचा प्रश्न मुख्यतः ते मिळण्याचा होता. १८६७-६८ साली सर रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून अ‍ॅबिसिनियावर मोहीम निघाली. तांबड्या समुद्राच्या ज्या रखरखीत किनाऱ्यावर ती उतरली, तेथे गोडे पाणी जवळजवळ नव्हते. आगबोटींवरील यंत्रांनी समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातित करून, म्हणजे त्याची वाफ करून ती पुन्हा थंड करून, फौजेची तहान भागवली गेली. आत डोंगराकडे जाताना टोकाला भोके असलेली लोखंडी नळी घणाने जमिनीत ठोकून पाणी उपसण्याची युक्ती वापरण्यात आली. या नळविहिरींना पुढे इंग्लंडमध्येही ‘अ‍ॅबिसिनियन विहिरी’ हेच नाव पडले. ही सारी करामत पाणी मिळवण्याची होती. मिळालेले पाणी स्वच्छ दिसले आणि चवीला बरे लागले की ते पिण्याजोगे समजले जाई.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यातील तलावांच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले आणि ‘स्वच्छ दिसणारे’ आणि ‘सुरक्षित’ या दोन शब्दांत फारकत झाली. भारतात आग्र्याचे प्रयोगशाळाप्रमुख हँकिन यांनी १८९० च्या दशकात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा धडाका लावला. ‘लाल औषध’ म्हणून आपल्याकडील जुन्या पिढीला जे ठाऊक आहे, ते हेच. पटकीच्या जंतूंवर ते बऱ्यापैकी चाले. विषमज्वराच्या जंतूंवर त्याचा भरवसा धरता येत नसे.

उरले दोन मार्ग, उकळणे आणि गाळणे. हजार माणसांच्या पलटणीचे पाणी उकळायचे म्हणजे आधी जळण वाहून आणायचे, मग भांडी, मग ते निवेपर्यंत वाट पाहायची. छावणीत हे जमते, कूच करताना जमत नाही. गाळण्यासाठी त्या काळी दोन प्रसिद्ध साधने होती. एक पॅरिसचे पाश्चर-शांबरलाँ हे चिनी मातीच्या कांडीचे आणि दुसरे जर्मनीतील बेर्केफेल्ड हे सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्म मातीचे. प्रयोगशाळेत दोन्ही उत्तम चालत. मात्र गढूळ पाण्याने त्यांची छिद्रे भराभर बुजत, दर थोड्या वेळाने ती घासून धुवावी लागत, आणि बैलगाडीच्या हिसक्यांनी कांडीला बारीकशी चीर गेली तरी बाहेरून काही कळत नसे. पाणी गाळलेले दिसे, जंतू मात्र चिरेतून आरामात जात. न गाळलेल्या पाण्यापेक्षा असे पाणी अधिक घातक, कारण ते निर्धास्तपणे प्यायले जाते.

किती टाकायचे?

क्लोरिन जंतू मारतो हे नवे नव्हते. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आली तेव्हा तेथील नळ ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुऊन काढण्यात आले होते. भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी व्हिन्सेंट नेसफील्ड यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, क्लोरिन वायू दाबाखाली द्रवरूप करून शिसे लावलेल्या लोखंडी पात्रात भरून ठेवावा आणि पिण्याच्या पाण्यात सोडावा, असे सुचवले. जंतू मेल्यावर उग्र चव घालवण्यासाठी वेगळे रसायन घालावे, हेही त्यांनी सांगितले होते. अमेरिकी लष्करातील मेजर कार्ल डार्नल यांनी १९१० मध्ये द्रवरूप क्लोरिनचे चालते यंत्र करून दाखवले. जगातील असंख्य शहरांची जलशुद्धी पुढे याच वाटेने गेली. पण रणांगणावर एवढी यंत्रसामग्री बरोबर नेणे अवघड होते. तेथे पोत्यातून नेता येणारी, स्वस्त आणि साधी अशी ब्लीचिंग पावडरच हवी होती.

अडचण वेगळीच होती. पावडर टाकायची किती? क्लोरिन जंतूंना मारतो तसा तो पाण्यातील कुजका पाला, शेण, माती यांच्याशीही संयोग पावतो आणि त्यातच खर्ची पडतो. झऱ्याच्या पाण्याला चिमूटभर पुरेल, तर डबक्याच्या पाण्याला त्याच्या पाचपट लागेल. शिवाय खुद्द पावडरही एकसारखी नसते. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे एकतृतीयांश उपयुक्त क्लोरिन असतो. डबा उघडा राहिला, दमट हवा किंवा ऊन लागले की तो उडून जातो. कमी टाकली तर रोग, जास्त टाकली तर पाणी तोंडात धरवत नाही आणि सैनिक ते ओतून देऊन शेजारच्या ओढ्यावर जातो. म्हणजे पुन्हा रोगच. ठराविक मात्रा छापून देणे अशक्य होते. प्रत्येक पाण्याची मात्रा त्या पाण्यालाच विचारायला हवी होती, आणि तीही रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला, उघड्यावर, अर्ध्या-पाऊण तासात.

हे कोडे सोडवणारा माणूस म्हणजे रॉयल आर्मी मेडिकल कोअरचे विल्यम हॉरॉक्स. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे भारतात गेली. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेले त्यांचे चिरंजीव जनरल ब्रायन हॉरॉक्स यांचा जन्म १८९५ सालचा, आपल्या कुमाऊँमधील राणीखेतचा. माल्टा ज्वराचा शोध घेणाऱ्या आयोगातही विल्यम हॉरॉक्स होते. त्यांनी तयार केलेली पेटी दिसायला अगदी क्षुल्लक होती. सहा पांढरे पेले, आतून काळा असा एक पेला, दोन ग्रॅम पावडर मावणारा चमचा, थेंब सोडायची नळी, काचेच्या कांड्या आणि स्टार्च-आयोडाइडच्या द्रावणाची बाटली, एवढाच ऐवज.

काळ्या पेल्यात सपाट चमचाभर पावडर पाण्यात कालवून खुणेपर्यंत द्रावण करायचे. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी घ्यायचे. पहिल्या पेल्यात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे सहाव्यात सहा थेंब टाकून ढवळायचे आणि अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येक पेल्यात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब सोडायचे. ज्या पेल्यात घाणीला पुरून क्लोरिन उरला असेल, तेथे तो आयोडिन मोकळा करतो आणि स्टार्चमुळे पाणी निळे होते. उरला नसेल तेथे पाणी जसेच्या तसे. पहिला निळा पेला ज्या क्रमांकाचा, तितके चमचे पावडर १०० गॅलन पाण्याला. तिसरा पेला निळा झाला तर तीन चमचे. आकडेमोड नाही, तराजू नाही, तक्ता नाही. ताज्या पावडरीचा एक चमचा म्हणजे दर लिटरला साधारण दीड मिलिग्रॅम क्लोरिन. पावडर जुनी असेल तर निळा रंग आपोआप पुढच्या पेल्यात सरकतो आणि चमचे वाढतात. पाण्याची आणि औषधाची परीक्षा एकाच खटक्यात होते. सैन्याच्या आरोग्याच्या इतिहासात मोठमोठ्या यंत्रांची वर्णने भरपूर आहेत, पण त्या पानांत या सात पेल्यांना मिळालेली जागा त्यांच्या कामाच्या मानाने थोडी आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये प्रत्येक ब्रिटिश पलटणीबरोबर सुमारे ११० गॅलनची, म्हणजे ५०० लिटरची, दोन चाकी पाणीगाडी असे. पलटणीच्या डॉक्टरच्या हाताखाली पाण्याच्याच कामावर नेमलेली काही माणसे असत. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग कापडातून गाळणी, मग पेल्यांनी ठरवलेली पावडर, मग अर्धा तास थांबणे. फ्लँडर्सच्या कालव्यांतून तर पाणी शुद्ध करणारे तराफेच फिरत. या साऱ्या साखळीतला कच्चा दुवा होता तो शेवटचा अर्धा तास. दहा मैल चालून आलेल्या, घशाला कोरड पडलेल्या माणसाला समोर भरलेली गाडी दिसत असताना थांबवणे हे रसायनाचे काम नव्हते. त्यासाठी गाडीवर पहारा लागे. पुढच्या खंदकांपर्यंत गाडी जात नसे. तेथे पाणी पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून पाठीवर वाहून न्यावे लागे. क्लोरिनची चव आणि तिच्यावर पेट्रोलचा वास! त्या चहाविषयीच्या तक्रारी सैनिकांच्या आठवणींत जागोजागी आहेत.

चहा मात्र कामाचा ठरला. १९१४ ते १९१८ या काळात लक्षावधींच्या ब्रिटिश सैन्यात विषमज्वराचे रुग्ण सुमारे २० हजार आणि मृत्यू सुमारे १,२०० एवढेच झाले. बोअर युद्धाच्या कितीतरी पट मोठ्या सैन्यातले हे आकडे आहेत. याचे सगळे श्रेय पाण्याला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आल्मरोथ राइट यांची विषमज्वराची लस बोअर युद्धात फार थोड्या सैनिकांनी टोचून घेतली होती. या युद्धात बहुतेकांनी घेतली. लस आणि पावडर यांचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

पाण्याला आणखी एक भय होते, ते शत्रूच्या हातचे. युद्धात विष वापरण्यास १९०७ च्या हेग नियमांनी बंदी घातली होती. तरीही १९१५ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत माघार घेणाऱ्या सैन्याने विहिरींत जनावरे धुण्याचे आर्सेनिकयुक्त औषध टाकल्याचे आढळले आणि जनरल लुई बोथा यांनी त्याचा निषेध केला. आम्ही विहिरींवर इशारे लावले होते, असे उत्तर त्यांना मिळाले! १९१७ च्या वसंतात फ्रान्समध्ये हिंडेनबुर्ग रेषेमागे हटताना जर्मनांनी वाटेवरच्या विहिरी उद्‌ध्वस्त केल्या किंवा घाण टाकून बिघडवल्या. क्लोरिन आर्सेनिकचे काही करू शकत नाही. त्यामुळे विषाची तपासणी करणाऱ्या वेगळ्या पेट्या सैन्याला बाळगाव्या लागल्या.

तैग्रिसच्या काठी

‘दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला’ ही मराठी म्हण चुकीच्या जागी केलेल्या उपायाची थट्टा करते. लढाईच्या पाण्याबाबत मात्र ती उलटी वाचावी लागते. रेड्याला दुखणे होऊ द्यायचे नसेल तर औषध पखालीतच घालायला हवे. भारतीय पलटणींबाबत तर हे अक्षरशः खरे होते. त्यांचे पाणी पाणीगाडीपेक्षा खेचरांवरच्या पखालींतून आणि भिस्त्यांच्या मशकांतून येई. हिंदू आणि मुसलमान सैनिकांच्या पाण्याची व्यवस्था वेगळी ठेवण्याकडे ब्रिटिश अधिकाऱ्यांचा एवढा कटाक्ष असे की, १९१४-१५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजवाड्यात भारतीय जखमींसाठी रुग्णालय उघडले तेव्हा तेथेही दोघांचे नळ वेगळे बसवले होते. कातडी पखाल आतून घासता येत नाही, आणि कातड्यात क्लोरिन मुरून वाया जातो. म्हणून लष्कराने पत्र्याच्या पखाली केल्या. नाव तेच राहिले. आजही लष्करी कागदांत पत्र्याची ‘पखाल’ सापडते.

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत ही व्यवस्था कोलमडली. नोव्हेंबर १९१४ पासून तेथे गेलेली सहावी डिव्हिजन ही पुण्याची. तिच्यात १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी होत्या. कोकण, देश आणि मावळातील शेतकऱ्यांची मुले त्यांत होती. जनरल टाउनशेंड बगदादच्या उंबरठ्यावरून मागे हटले आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही डिव्हिजन कूत येथे वेढ्यात अडकली. गावाला तीन बाजूंनी तैग्रिसचा विळखा होता, म्हणजे पाणी मुबलक. पण नदीचा काठ तुर्की नेमबाजांच्या टप्प्यात होता आणि वरच्या अंगाला त्याच नदीवर शत्रूच्या छावण्या होत्या. पाणी भरायला जाणाऱ्या भिस्त्याचे काम खंदकातल्या शिपायापेक्षा कमी धोक्याचे नव्हते. उपासमार, स्कर्व्ही आणि आमांश यांनी जर्जर झालेली फौज अखेर शरण आली. त्यानंतरच्या वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत हजारो भारतीय कैदी मेले.

कूतची सुटका करायला निघालेल्या फौजेची स्थिती फारशी बरी नव्हती. १९१६ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्यात पटकी शिरली. बसऱ्याहून वर माल नेण्याचा मार्ग एकच, नदीचा. आणि बोटी अपुऱ्या. त्या बोटींत आधी दारूगोळा, मग धान्य, मग जखमी. शुद्धीकरणाच्या सामानाला जागा सर्वांत शेवटी मिळे. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने वाहतुकीतील आणि वैद्यकीय व्यवस्थेतील या अनास्थेवर कठोर ताशेरे ओढले. सात पेल्यांची युक्ती तोवर सर्वांना ठाऊक होती. पावडरच नदीच्या मुखाशी पडून असेल तर युक्तीचा उपयोग नव्हता. पुढे लंडनच्या युद्ध खात्याने सूत्रे हाती घेतली, बोटी आल्या, नदीकाठी टाक्या उभ्या राहिल्या, पटकीची लस टोचली जाऊ लागली आणि रोग आटोक्यात आले. तरीही ज्याने ही घडी बसवली आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतले, तो जनरल मॉड त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला बगदादमध्ये पटकीनेच गेला. एका ज्यू शाळेत ‘हॅम्लेट’चा अरबी प्रयोग पाहताना घेतलेल्या कॉफीतील निरशा दुधातून त्याला लागण झाली, असे मानले जाते. स्वतः त्याने लस टोचून घेतली नव्हती, असेही सांगितले जाते.

निर्धोक पाणी म्हणजे निर्धोक फौज नव्हे, याचा याहून मोठा दाखला १९१५ च्या गॅलिपोलीचा आहे. तेथे पिण्याचे पाणी इजिप्तहून जहाजांनी येई आणि भारतीय खेचरांच्या तुकड्या रात्रीच्या अंधारात ते डब्यांतून डोंगरावर चढवीत. पाणी फार थोडे होते, पण त्यावर देखरेख होती. तरीही त्या उन्हाळ्यात आमांशाने फौज पोखरून काढली. उघड्या शौचकूपांवरून आणि न पुरलेल्या प्रेतांवरून उठणाऱ्या माश्या थेट जेवणावर बसत होत्या.

वाळवंटातली नाईल

एक मोहीम मात्र अशी झाली की जिचा वेग सेनापतीने नव्हे, पाण्याच्या नळाने ठरवला. १९१६ मध्ये ब्रिटिश फौज सुएझ ओलांडून सिनाई वाळवंटातून पॅलेस्टाइनकडे निघाली. सिनाईच्या विहिरींचे पाणी मचूळ. घोडे ते पीत, माणसांना सोसत नसे. सुरुवातीला पाणी उंटांच्या पाठीवर दोन्ही अंगांना अडकवलेल्या पत्र्याच्या टाक्यांतून जाई. मग अमेरिकेहून मागवलेले बारा इंच व्यासाचे नळ रेल्वेमार्गाच्या जोडीने टाकण्यात आले. नाईलचे पाणी आणणाऱ्या गोड्या पाण्याच्या कालव्यातून कांतारा येथे पाणी उचलायचे, तुरटी घालून निवळायचे, गाळायचे, क्लोरिन सोडायचा आणि पंपांनी पुढे ढकलायचे, अशी ही योजना. दिवसाला सहा लाख गॅलन एवढी तिची क्षमता होती. १९१७ च्या सुरुवातीला हे पाणी सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या अल अरीशला पोचले. नळ घालणारे आणि उंट हाकणारे हात बहुतांशी इजिप्तच्या फेलाहीन शेतकऱ्यांचे होते. युद्धाच्या इतिहासात त्यांची दखल ओझरतीच घेतली जाते.

या कालव्यात आणखी एक वैरी होता, बिल्हार्झिया. या रोगाचे कृमी कालव्यातील गोगलगायींत वाढतात आणि पाण्यात सुटल्यावर माणसाच्या अंगात शिरतात. ते पाणी पिऊनच शिरतात असे नाही, तर कातडीतूनही शिरतात, हे रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमध्येच सिद्ध केले. युद्ध खात्याने त्यांना त्यासाठीच पाठवले होते. म्हणजे तेथे केवळ पिण्याचे नव्हे, आंघोळीचे पाणीही निर्धोक करायला हवे होते. लायपर यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक आश्चर्य वाटावे इतका सोपा होता. गोगलगायी वगळून घेतलेले पाणी दोन दिवस टाकीत नुसते साठवून ठेवायचे. माणूस न भेटलेले कृमी तेवढ्या वेळात मरून जातात.

नळ जेथे संपे तेथून पुढे पुन्हा विहिरींचाच प्रश्न होता. मार्च १९१७ मध्ये गाझाची पहिली चढाई अर्धवट सोडावी लागली, त्याच्या कारणांत घोड्यांच्या पाण्याची चिंताही होती. ३१ ऑक्टोबरला बीरशेबावर ऑस्ट्रेलियन घोडदळाने जी सुप्रसिद्ध दौड केली, ती मावळतीपूर्वी तेथील विहिरी हाती याव्यात म्हणून. त्या उडवून देण्याची तयारी झाली होती, बहुतेक वाचल्या.

लढाईच्या पाण्याचे हे शास्त्र शहरांतही लगेच पोचले. टेम्सचे पाणी उंचावरच्या साठवण तलावांत चढवायला कोळसा लागे आणि कोळशाची टंचाई होती. म्हणून १९१६ साली लंडनचे जलतज्ज्ञ सर अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी तो टप्पा वगळून पाण्यात क्लोरिन सोडायला सुरुवात केली. युद्ध संपले, क्लोरिन राहिला.

एकट्यादुकट्या सैनिकाची, गस्तीवरच्या तुकडीची सोय उरली होती. अमेरिकी सैन्याने तिवईला टांगायची ३६ गॅलनची, तोट्या असलेली कॅनव्हासची पिशवी काढली. मेजर लिस्टर यांच्या नावाने ती ओळखली जाई. १९१७ मध्ये डेकिन आणि डनहॅम या संशोधकांनी हॅलाझोन या नावाची गोळी सिद्ध केली; बाटलीभर पाण्यात टाकायची आणि पुन्हा अर्धा तास थांबायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व भारतीय सैनिकांजवळ दोन रंगांच्या गोळ्या असत. पांढरी जंतू मारायला आणि निळी नंतर क्लोरिनची चव घालवायला. घाईत दोन्ही एकदम टाकल्या तर निळी गोळी पांढरीचाच निकाल लावी. पाण्याला चव नाही, औषधही नाही! ब्रह्मदेशात आणि पॅसिफिकच्या बेटांवर आणखी एक मर्यादा उघडी पडली. आमांशाच्या अमीबाचे कोश नेहमीच्या मात्रेच्या क्लोरिनला दाद देत नाहीत. त्यावर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी शोधलेले गाळणयंत्र शैवालांच्या त्याच जीवाश्म मातीचे होते, जिच्या कांड्या बोअर युद्धात तडकल्या होत्या. फरक एवढाच की माती आता कांडीत भाजलेली नव्हती. जाळीवर तिचा पातळ थर बसवायचा आणि बुजला की धुऊन नवा द्यायचा.

हॉरॉक्स १९४१ साली वारले. त्यांची पेटी अद्याप निवृत्त झालेली नाही. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत सामाजिक वैद्यकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ‘हॉरॉक्सचे उपकरण’ विद्यार्थ्यांपुढे ठेवले जाते आणि कितवा पेला निळा झाला, मग विहिरीत पावडर किती, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. पुढे हेच विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जातात. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती तीच ब्लीचिंग पावडर. नळाला क्लोरिन उरला आहे की नाही हे तो निळ्याऐवजी पिवळ्या रंगावरून पाहतो. विद्यार्थ्यांना एक आकडा मात्र पाठ करावा लागतो आणि तो असा विचित्र का, हे बहुधा सांगितले जात नाही. पहिल्या निळ्या पेल्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे. ४५५ लिटर म्हणजे १०० गॅलन, फ्लँडर्सच्या चिखलातून घोडे ओढत नेत असत त्या पाणीगाडीच्या जवळपासचे माप.